नातीनं पेटवलेला जाळ

पंचशीलाच्या आजोबांस सिंधूचा जय भीम.

तुमी रुसून फोन बंद ठेवलाय, म्हणून हे कार्ड. माझा गुडघा बरा हाय. शेळीला पाणी पाजता न्हवं?

काल इथं समुद्रकाठी आपली नात नोकरी करती तो गॅसचा कारखाना सुरू झाला. गॅस पातळ होऊन जहाजातून येतो, बर्फाहून लई गार. भर उन्हात पाईप पांढराफेक झालता, मी बघतच राहिले. मग पोरीनं बटण दाबलं अन् उंच धुराड्यावर पळसावानी जाळ फुलला. साहेब म्हणले, "आता गावोगावच्या चुली पेटणार."

मला तुमची माय दिसली. चुलीला इस्तू मागायला गेली की लोक लांबूनच खापरात टाकायचे.

आज आपली पोरगी गावाला इस्तू देती. लांब नोकरी धरली म्हणून तिच्याशी किती दिवस अबोला? फोन चालू करा.

तुमची अन् शेळीची,
सिंधू