बंद कळप

९ ऑक्टोबर

वही, माफ कर. वसंत ऋतूनंतर तुला हात लावला नाही. बदली, घर रिकामं करणं, आईचं आजारपण. कारणं खरी आहेत. पुरेशी आहेत का, ते मलाच ठाऊक नाही.

आज ब्रान्यावेयाला पोचले, गुरांची नवी डॉक्टर म्हणून. उत्तर स्पेनमधल्या या अस्तुरियासच्या डोंगरात इतकं नीटनेटकं गाव मी पाहिलं नव्हतं. सगळ्या गावाचा मिळून तांबूस गाईंचा एकच कळप, आणि एका पिढीपासून रोगमुक्तीचा दाखला टिकवलेला. बाहेरचं वासरूसुद्धा आत येत नाही. पुलावरच औषधी पाण्यात भिजवलेला पेंढा पसरलेला. कळपाची कारभारीण ओलाया, सत्तरीची, दुधाची किटली घेऊन उभी. म्हणाली, पोरी, बूट बुडव, आमच्या पाद्रीबाबालाही सोडत नाही, उद्या देव आला तर त्याच्याही वहाणा बुडवू. मी मनापासून हसले. हेच नियम मी वर्षानुवर्षं लोकांच्या कानीकपाळी ओरडत आले. इथे सांगायची गरजच नाही.

उतरायची सोय पुलाच्या अलीकडे, एका दगडी खोलीत. गावातल्या घराला चुना लावणं चाललंय म्हणे. सेल्सो नावाच्या गुराख्याने घेवड्याचा गरम रस्सा आणि सिद्राची, म्हणजे सफरचंदाच्या दारूची, बाटली कुंपणाच्या भिंतीवर आणून ठेवली. किती दिवसांनी पोटभर जेवले.

१३ ऑक्टोबर

आज क्षयाची चाचणी. मानेवर दोन जागी केस काढायचे, टोचायचं, तीन दिवसांनी सूज मोजायची. ज्याला सूज, त्या जनावराला बंद गाडी घेऊन जाते. ते परत येत नाही, आणि गावाचा दाखला जातो. डोंगरापलीकडच्या गावाचं तसंच झालं, ओलायाने सांगितलं : आधी गुरं गेली, मागोमाग माणसं, आता चर्चच्या घंटेला दोरसुद्धा उरलेला नाही.

सेल्सो गाई धरत होता आणि त्याच्या तोंडाला विसावा नव्हता. डॉक्टरीणबाई, एक सुई माझ्या सासूलाही द्या की, फुगली तर गाडीभाडं माझ्याकडे लागलं!

काम आटोपल्यावर ओलाया म्हणाली, आता तुझी पाळी. बाहेरून आलेल्या प्रत्येकाची होते. मला गंमत वाटली. मग वाटलं, गंमत का वाटावी? दहा गोठ्यांतून फिरते ती मीच. नियम माझाच, मग नाही कोणत्या तोंडाने म्हणू? कॉलर खाली केली. तिने मानेवर, कानामागे वस्तरा फिरवला आणि सुई टोचली. दंडावर टोच, असं म्हणायचं राहूनच गेलं.

१६ ऑक्टोबर

सगळ्या गाई निरोगी. सेल्सोने टोपी हवेत उडवली.

मग ओलायाने जाडी मोजायचा चिमटा माझ्या मानेला लावला. मला तो जाणवलाच नाही. तेवढी जागा बधिर झाली आहे. तिने पुन्हा मोजलं, आणि चिमटा माझ्या हातात दिला. पोरी, तूच बघ, उगाच आमच्यावर आळ नको. मी मोजलं. आकडा मोठ्याने वाचला, सवयीने. गाय असती तर मी क्षणभरही विचार केला नसता.

सेल्सोने मला खोलीकडे नेलं, काठी आडवी धरून, अंतर राखून. हो, हो, सावकाश, असं म्हणत होता. गाईंना म्हणतो तसंच. डॉक्टरीणबाई म्हणाला नाही.

१७ ऑक्टोबर

खोलीच्या जमिनीला मोरीकडे उतार आहे. कोपऱ्यात दावं बांधायची कडी. हे पहिल्याच दिवशी दिसायला हवं होतं. दिसलं असेलही.

रस्सा आला. रिकामी थाळी सेल्सोने काठीने ओढून पुरली. बरोबर केलं.

ओलाया भिंतीपलीकडे स्टूल टाकून बसली होती. आधीच्या डॉक्टरचं काय झालं, मी विचारलं. म्हणाली, सोन्यासारखा माणूस, आपल्या पायांनी चढला गाडीत. मग म्हणाली, रडायचं तर रड पोरी, मी बसलेय. रडू आलं नाही.

१८ ऑक्टोबर

दाराला बाहेरून कडी आहे, पण लावलेली नाही. लावायची वेळच येत नाही, असं ओलाया म्हणाली. माझ्या मोटारीची किल्ली खिशात आहे. रस्ता मोकळा.

पण खाली उतारावर गोठे आहेत. ओढा एकच. सकाळपासून मला खोकला —

हा विचार माझा की त्यांचा? उलटसुलट करून पाहिला. माझाच.

बधिरपणा खांद्यापर्यंत.

१९ ऑक्टोबर

कळप चरत कुंपणाशी आला. मी हात पुढे केला. सगळ्या गाई मागे सरल्या. एकदम. आवाज न करता.

डाव्या हाताने लिहितेय. उजवा — आहे, पण माझा वाटत नाही. भीती वाटायला हवी. शोधली. जीभ दुखऱ्या दातावर फिरवावी तशी. काही लागत नाही.

सेल्सो लांब उभा राहून रडत होता. डॉक्टरीणबाई, तुमच्या पाया पडतो, मला ओढायला लावू नका, घरी तान्हं पोर आहे.

पुन्हा डॉक्टरीणबाई म्हणाला. बरं वाटलं. वाटलं असावं.

उद्या : गाडी आली की खोलीचं दार मीच ढकलून गाडीत चढायचं, म्हणजे सेल्सोला मला हात लावावा —