आजची पूजा तू कर

चि. सौ. राजेश्री, सुखी अस.

तू दूध आणायला गेलीस तेवढ्यात हे लिहून मी स्टेशनाकडे निघालो आहे. परभणीच्या दवाखान्यात तोंड दाखवून येतो. गालातला पांढरा चट्टा वाढला आहे. स्तोत्र म्हणतानाही तोंड पुरते उघडत नाही. तुझ्या सासूबाईंना मात्र दातासाठी गेले असेच सांग.

दर एकादशीला हातात पाणी घेऊन तंबाखू सोडण्याचा संकल्प केला आणि द्वादशीचे पारणे होताच पुन्हा चिमूट गालात धरली. पुढचे देवाने पाहावे, असे म्हणत राहिलो. काल तू म्हणालीस, "बाबा, तुमी नुसतं पाणी सोडा. डॉक्टरकडं काय देवानं जायचं का?" राग आला. आता रागावण्याचेही त्राण उरलेले नाही.

देवपूजा आज तू कर. मंत्र येत नाहीत म्हणून अडू नकोस. देवाला साध्या मराठीत सांग, की मागच्या सोमवारी हा म्हातारा भिऊन परभणीच्या अलीकडे पिंगळी स्टेशनावरच उतरला आणि उलट्या गाडीने घरी आला. आज त्याला परभणीपर्यंत बसवून ठेव.

बाबा