पिवळ्या फुलांचा चहा

४ मार्च, मंगळवार

औषधाची रक्तातली पातळी निम्म्यावर! डॉक्टरबाईंनी रिपोर्ट दोनदा वाचला, मग नवऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "गोळ्या चुकतात का?" हा म्हणाला, "हिच्या राज्यात? शक्यच नाही."

खरं आहे ते. दोन वर्षांपूर्वी त्याला बहिणीची किडनी बसवली. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ गोळी मी त्याच्या तळहातावर ठेवते आणि गिळेपर्यंत समोरून हलत नाही. ती पोटात गेली नाही तर शरीर त्या किडनीला परकी समजणार आणि तिच्यावर उठणार. एवढं आम्हाला पहिल्या दिवशीच पढवलंय.

डोस वाढवला. पुढच्या आठवड्यात पुन्हा रक्त.

५ मार्च

नणंदबाईला कळलं. तिचं केस कापायचं दुकान आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावर. तिच्यापासून काही लपवायचं तर जिनाच बदलावा लागेल. कात्री हातात घेऊनच वर आली. "गोळ्या कोण देतं दादाला? तूच ना, वहिनी? पोटातलं काढून दिलंय मी! वाया घालवायला नाही!" खाली खुर्चीत अर्धे केस कापलेली बाई तशीच सोडून आली होती. मी म्हटलं, "आधी तिचं डोकं पूर्ण कर, मग माझं खा."

हसली नाही.

९ मार्च, रविवार

हा बाथरूममध्ये गातोय! बेसूर, पण गातोय. गेलं वर्षभर काय होतं — लोकांना गाडी शिकवायची, घरी यायचं, भिंतीकडे बघत बसायचं. जीव वाचला होता, पण कशात लागत नव्हता. आता महिनाभर बरा आहे. मला वाटतं, उन्हाळा लागला म्हणून असेल.

१३ मार्च

पातळी तशीच खाली. वाढवलेला डोस कुठे गेला? डॉक्टरबाई या वेळी माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत होत्या. गोळ्यांची रिकामी पाकिटं पर्समधून काढून टेबलावर ठेवली. मला कुणापुढे पुरावे मांडायची सवय नाही.

माझ्या चष्म्यांच्या दुकानात एका गिऱ्हाइकाच्या चष्म्याला दुसऱ्याच्या काचा बसवल्या. गिऱ्हाईक सभ्य. म्हणाला, "जग जरा वाकडं दिसतंय." मी म्हटलं, हो, मलाही.

१८ मार्च, मंगळवार

पाय सुजले. बूट चढेना. दुपारी दाखल केलं.

१९ मार्च

सुई घालून किडनीचा तुकडा काढला, तपासला. शरीर तिच्यावर उठलंय. सुरुवात आहे, डॉक्टरबाई म्हणाल्या. तीन दिवस सलाइनमधून जोरदार औषध. उतार पडेल किंवा पडणार नाही.

नणंदबाई कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभी होती. येणाऱ्या-जाणाऱ्या नातेवाइकांना सांगत होती, "गोळ्यांची हयगय झाली." नाव घेत नव्हती. घ्यायची गरजही नव्हती.

२० मार्च

आज डॉक्टरबाई खुर्ची ओढून बसल्या. एरवी उभ्यानेच बोलतात. "मी देते ती औषधं सोडा. बाकी काय पोटात जातं? काढा, पावडर, ताकदीच्या गोळ्या, कुणी प्रेमाने दिलेलं काही?"

हा सहज म्हणाला, "काही नाही. बहिणीकडचा चहा तेवढा."

"कसला चहा?"

"पिवळ्या फुलांचा. मन हलकं होतं त्याने. कामावर जाताना रोज दुकानात एक कप पाजते ती."

मला पत्ता नाही! विचारलं तर म्हणाला, "तू नाकं मुरडली असतीस." मुरडलीच असती.

त्याच्या पिशवीत एक पुडी निघाली. बाईंनी नाव वाचलं — सेंट जॉन्स वर्ट — आणि पुडी टेबलावर ठेवून दिली. या फुलांमुळे लिव्हर नको इतकं कामाला लागतं म्हणे. आलेलं औषध काम करायच्या आत मोडून टाकतं. तुम्ही डोस वाढवा, ते आणखी मोडतं. "मन हलकं होतं हेही खोटं नाही," त्या म्हणाल्या. "म्हणून तर घात होतो. माणसाला बरं वाटत असतं आणि आत बिघडत असतं. हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं."

म्हणजे ते गाणं!

चहा बंद. पण बंद केल्यावर औषध हळूहळू वर चढणार, मग तेही जास्त होऊन बाधेल. त्यामुळे वारंवार रक्त, वारंवार डोस बदलणार.

त्या गेल्यावर हा छताकडे बघत म्हणाला, "तिला सांगू नकोस. तिनेच दिलेली किडनी तिच्याच हातून... मोडून पडेल ती."

"मग गोळ्यांची हयगय कुणी केली?"

त्याने चादर वर ओढून घेतली.

बरं. माझी पाठ रुंद आहे.

२१ मार्च

नणंदबाई थर्मास घेऊन आली! "दादा, तुझा चहा." हा झोपेत. मी थर्मास घेतला आणि ती डॉक्टरांना शोधायला बाहेर गेल्यावर बेसिनमध्ये ओतायला लागले. पिवळं पाणी, वास गवतासारखा. मागे वळते तर ती दारात.

"माझ्या हातचं ओततेस?"

"बाहेरचं काही द्यायचं नाही म्हणालेत."

"बाहेरचं?" तिचा आवाज चढला नाही, उतरला. "मी बाहेरची? त्याच्या पोटात माझं काय आहे ते विसरलीस?"

तोंडापर्यंत आलं होतं. एक वाक्य. शेजारच्या कॉटवरचे म्हातारबाबाही कान देऊन होते. मी नळ बंद केला. थर्मास धुतला, झाकण लावलं, तिच्या हातात दिला. तिने घेतला. गेली.

मला राग आला नाही.

२४ मार्च

उतार आहे. लघवी वाढली, सूज ओसरली. नणंदबाई आली नाही.

२९ मार्च, शनिवार

घरी. किडनी वाचली, पण पहिल्यासारखी नाही. थोडी गेली ती गेलीच. डॉक्टरबाई म्हणाल्या, जपून वापरली तर पुष्कळ वर्षं साथ देईल. जिना चढताना हा दुकानाच्या दारात थांबला. नणंदबाईने त्याच्या गालावरून हात फिरवला. मला म्हणाली, "सांभाळ आता तरी."

५ एप्रिल

पुन्हा भिंत. तोच कोपरा, तेच बघणं. चहा नाही, गाणं नाही. डॉक्टरबाईंनी मनाच्या डॉक्टरकडे पाठवलं. त्यांनी किडनीच्या गोळ्यांशी न भांडणारी एक गोळी निवडून दिली. गुण यायला वेळ लागेल म्हणाले. हा म्हणाला, "म्हणजे मला वेड लागलंय का?" मी म्हटलं, "नाही. लागलं असतं तर मी ओळखलं असतं, तुझ्याशी लग्न झाल्यापासून सराव आहे." तोंडाची एक बाजू हलली. तेवढं पुरे.

१५ एप्रिल, मंगळवार

वरच्या मजल्यावरच्या मावशी चष्मा न्यायला आल्या. आरशात वळून वळून बघत म्हणाल्या, "तुझ्या नणंदेचा हात चांगला हो. केस कापते आणि वर फुलांचा चहा पाजते. दोन-तीनदा प्याले, कसं शांत वाटतं!"

मावशींना हृदयाचा त्रास. रक्त पातळ राहायची गोळी चालू आहे त्यांची. ती गोळी मला माहीत आहे, कारण तिची चिठ्ठी मीच वाचून दाखवली होती.

डॉक्टरबाईंना फोन केला. "त्याही गोळीचा जोर कमी होतो. गाठ होऊ शकते. आजच रक्त तपासा." मावशींना रिक्षात घालून घेऊन गेले. रिपोर्ट काठावरचा, पण वेळेत सापडला. गोळीचा डोस त्यांचे डॉक्टर बघतील.

घरी आल्यावर ह्याला म्हटलं, "आता मी सांगणार." त्याने भिंतीवरची नजर माझ्याकडे वळवली. मग म्हणाला, "हळू सांग."

१६ एप्रिल

ती दुकानाचं शटर वर करत होती तेव्हाच खाली गेले. सगळं सांगितलं — दादाचं, मावशींचं. वाटलं ओरडेल. ओरडली नाही. खुर्चीत बसली, जिथे गिऱ्हाइकं बसतात तिथे.

म्हणाली, "दादासाठी नव्हता आणला तो चहा, वहिनी. माझ्यासाठी आणला होता. किडनी दिल्यापासून सकाळी उठावंसंच वाटत नाही मला. सगळे विचारायचे, दादा कसा आहे? मी सांगायचे, छान! मग एकदा तो इथे येऊन माझ्यासारखाच आरशात बघत बसला. म्हटलं, यातलाही अर्धा देऊ त्याला."

मी शटर पुन्हा खाली ओढलं आणि तिच्याजवळ बसले.