मुंजाजीच्या नावाची चिठ्ठी टाकू नये

मी, रामजी मसाजी खिल्लारे, वय वर्षे शेहेचाळीस, धर्म बौद्ध, धंदा शिक्षकी, राहणार हिंगोली, तालुका हिंगोली, जिल्हा परभणी, आपल्या घरात आपल्या टेबलाशी बसून, आपल्याच हाताने हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. मी कसलीही नशा केलेली नाही. डोके ठिकाणावर आहे, पोट नाही. पोटात गाठ आहे आणि ती येत्या सोमवारी औरंगाबादच्या दवाखान्यात कापायची आहे. डॉक्टरांनी मला धीर दिला, पण तो देताना ते माझ्याकडे न पाहता पद्माबाईकडे पाहत होते. म्हणून लिहून ठेवतो. यापूर्वी मी असा कोणताही कागद केलेला नाही.

कलम १. हिंगोलीतील राहते घर मी माझ्या पगारातून बांधले. त्यात वडिलांचा पैसा नाही आणि भावाचा हिस्सा नाही. रस्त्याकडची पुढची खोली सोडून बाकी सर्व घर, परसू, विहिरीचा हक्क, तसेच पोस्टातील व बँकेतील शिल्लक आणि फंडाची रक्कम माझी पत्नी पद्माबाई हिला पूर्ण मालकी हक्काने मिळावी. पुढच्या खोलीचे कलम ५ मध्ये लिहिले आहे. आम्हांला अपत्य नाही. माझ्यामागे कोणी पद्माबाईला दत्तकाचा सल्ला द्यायला येऊ नये. तो विचार आम्ही दोघांनी केला होता, आणि दोघांनीच सोडला.

कलम २. माझी इतिहासाची पुस्तके शाळेला द्यावीत. रोजनिश्या जाळाव्यात. त्यांत कोणाचे गुपित नाही. पण उठल्याबसल्या स्वतःला तपासत राहणारा माणूस वाचायला कंटाळवाणा असतो, आणि पद्माबाईने तो जिवंतपणी पुरेसा सोसला आहे.

कलम ३. मी तालुक्यात कबड्डीचा पंच म्हणून काम केले. त्या वेळची शिट्टी शाळेच्या क्रीडा विभागाला द्यावी. मनगटी घड्याळ माझे मित्र नेमसिंग राठोड, वाहतूक नियंत्रक, एस. टी. स्टँड हिंगोली, यांना द्यावे. ते मागे पडते. नेमसिंग म्हणतात की मग ते एस. टी.च्याच कामाचे आहे.

कलम ४. माझे सात गडी. हे कलम वाचून एखाद्या कोर्टाला हसू आले तर येऊ द्यावे. मला ते वगळता येत नाही.

आम्ही पाच मित्र गेली सहा-सात वर्षे एक खेळ खेळतो. त्याला कागदी कबड्डी म्हणतो. नरसी, डोंगरकडा, आखाडा बाळापूर अशा गावांचे संघ हिवाळ्यात एकमेकांशी खरोखर भिडतात. आम्ही दिवाळीआधी बसून त्या संघांतले गडी आपसांत वाटून घेतो, प्रत्येकी सात. गडी खेळतो आपल्या गावाकडून, पण त्याने मिळवलेले गुण आमच्यातल्या ज्याच्या कागदावर त्याचे नाव असेल त्याचे. गावोगावचे निकाल कंडक्टर लोक नेमसिंगांना स्टँडवर आणून देतात. हंगामाअखेर ज्याचे गुण सर्वांत कमी, त्याने बाकीच्यांना जेवण घालायचे. त्यापलीकडे पैज नाही. मधल्या काळात गड्यांची अदलाबदल करता येते. कोण कोणाच्या कागदावर आहे हे गड्यांना ठाऊक असते. त्याची त्यांना किती किंमत वाटते, हे मात्र मला यंदाच कळले.

बैठक माणिकरावांच्या मोंढ्यातल्या धान्याच्या आडतीवर भरते. माणिकराव नरसीच्या संघाचे अध्यक्षही आहेत. पहिल्या बैठकीला मला चहा वेगळ्या, कान तुटलेल्या कपात आला होता. मी तो पिणार होतो. नेमसिंगांनी माझा कप उचलून आपल्यापुढे ठेवला आणि आपला माझ्यापुढे सरकवला. पुढच्या बैठकीपासून सगळे कप सारखे आले. माणिकरावांनी त्याबद्दल कधी शब्द काढला नाही. मीही नाही. तो कप मी विसरलेलो नाही आणि पुढचे सारखे कपही विसरलेलो नाही. दोन्ही सोबत नेतो.

आमच्यात नियम दोनच, आणि दोन्ही मी घातलेले. एक, अदलाबदलीआधी आपल्या गड्याची दुखापत ठाऊक असेल तर ती समोरच्याला सांगायची. दोन, कोणी मित्र वारला तर त्याच्या गड्यांच्या चिठ्ठ्या टाकून उरलेल्यांनी ते वाटून घ्यायचे. दुसरा नियम घालताना आम्ही सगळे हसलो होतो.

माझ्या सातांपैकी एक मुंजाजी, नरसीचा. घरी मेंढरे आहेत, ती आई चंद्रभागाबाई राखते. हा हिंगोलीत मोंढ्यावर पोती वाहतो. चढाईला गेला की समोरचे गडी आधीच अर्धे पाऊल मागे सरतात, असा त्याचा पाय. डिसेंबरात हिंगोलीच्या सामन्यात तो वाकडा पडला. दुसऱ्या दिवशी पोती टाकून माझ्या घरी आला. म्हणाला, सर, गुडघ्यात कायतरी सरकून राहिलं, पर कोनाला सांगू नका, मानिकराव मला संघाबाहीर बसवतेन. मी सांगणार नाही म्हणालो.

त्याच आठवड्यात माणिकरावांनी मुंजाजी मागितला. बदल्यात दोन चांगले पकडीचे गडी देऊ केले. आता एकीकडे मुंजाजीला दिलेला शब्द होता आणि दुसरीकडे मीच घातलेला नियम. मी दोन दिवस विचार केला आणि नियम पाळला. गुडघा दुखावलेला आहे, असे माणिकरावांना सांगितले. त्यांनी सौदा मोडला. मला त्या वेळी आपण सचोटीने वागलो असे वाटले. अदलाबदलीला मुळात नाही म्हणून टाकता आले असते, म्हणजे सांगण्याची वेळच आली नसती. ते मला सुचले नाही, कारण मला ते दोन गडी हवे होते.

माणिकरावांनी मुंजाजीला बसवले नाही. मोंढ्यावर सगळ्या हमालांसमोर ते त्याला म्हणाले, "तुझ्या सरांनी तुला बदलायला काढलं व्हतं. म्हनतेत लंगडा हाय. मी घेतलं न्हाई बाबा." माणिकरावांच्या मते ही थट्टा होती. तसे त्यांनी मला नंतर शपथेवर सांगितले आणि मी ते खरे मानतो. पण मुंजाजीने ती थट्टा डोंगरकड्याच्या मैदानावर नेली. तो लंगडा नाही हे त्याला मला दाखवायचे होते. मी त्या दिवशी तिथे नव्हतो. पहिल्याच चढाईत गुडघा गेला. त्याला बाजेवर घालून बाहेर आणले. नांदेडच्या डॉक्टरांनी बजावले की पाय पुन्हा मुरगळला तर जन्माचा ताठ होईल.

परवा मी नरसीला गेलो. पद्माबाई जाऊ देत नव्हती, पण टाके पडल्यावर जाता येणार नव्हते. मुंजाजी भिंतीला टेकून बसला होता. पाय पसरलेला, गुडघ्याला तुराटीच्या कामट्या बांधलेल्या. त्याने उठायचा प्रयत्न केला. मी बस म्हणालो. मी त्याला सांगितले की मी तुझे नाव माझ्या कागदावरून काढले आहे. कोणाला दिले नाही, नुसते काढले. आता तुला कोणासाठी खेळायचे नाही. मला वाटले होते की हे ऐकून त्याला मोकळे वाटेल.

त्याने गुडघ्यावरच्या कामट्यांची गाठ चाचपली. मग म्हणाला, "मंग मी आता कोनाचा, सर?"

मी बाळापूरचा विषय काढला. सव्वीस जानेवारीला आखाडा बाळापूरला नरसीचा अंतिम सामना आहे, तिथे जायचे नाही, पाहायलाही नाही, असे त्याच्याकडून वदवून घ्यायचे होते. तो म्हणाला, बघू.

चंद्रभागाबाई दारात शेळीला पाला घालत होत्या. मी निघालो तेव्हा त्या वळल्या. आवाज चढवला नाही.

"मास्तर, माझ्या लेकराचं नाव तुमी तुमच्या कागदावर काहून लिवलं? आमी लिवा म्हनलं व्हतं का?"

मी म्हणालो, नाही. त्या म्हणाल्या, मंग पानी पिऊन जा, उन्हाचे आलात. मी पाणी प्यालो.

तेव्हा या कलमाने मी जाहीर करतो ते असे. माझ्या पश्चात माझ्या गड्यांच्या चिठ्ठ्या टाकायच्या झाल्यास सहाच टाकाव्यात. मुंजाजीच्या नावाची चिठ्ठी टाकू नये. त्याला यापुढे कोणीही आपल्या कागदावर घेऊ नये. असा हुकूम कोर्ट बजावणार नाही हे मला कळते. मी हे मित्रांना सांगत आहे.

कलम ५. पुढची खोली. रस्त्याकडची खोली, तिचे दार, खिडकी, छपराचे पत्रे आणि पुढील ओटा यांसह, मुंजाजी, राहणार नरसी, यास पूर्ण मालकी हक्काने मिळावी. तिथे त्याने बसून करायचा कोणताही धंदा करावा. सायकल दुरुस्तीचा केल्यास माझी सायकल व पंप त्याचाच.

पद्माबाईची संमती घेतली आहे. ती कोणत्या शब्दांत दिली तेही नोंदवतो, म्हणजे नंतर कोणी तिच्या तोंडी वेगळे काही घालणार नाही. ती म्हणाली, "आता खोली देऊन राहिले. हंगामभर त्याचे गुण मोजले, तवा एकदा तरी त्याच्या घरी गेलते का?" मी नाही म्हणालो. मग ती म्हणाली, द्या.

या खोलीला मी आधी अट घातली होती. मुंजाजीने पुन्हा मैदानात पाऊल ठेवल्यास खोली पद्माबाईकडे परत जावी, अशी. ती लिहिली, खोडली, पुन्हा लिहिली. अट घातली तर कदाचित त्याचा पाय वाचेल. पण मग जिवंतपणी कागदावर धरला आणि मेल्यावर दुसऱ्या कागदावर धरला, एवढेच होईल. शिवाय ती अट त्याच्या पायासाठी आहे की माझ्या झोपेसाठी, हे मला ठरवता येईना. अखेर अट काढून टाकली आहे. खोली विनाअट आहे. तो खेळो, न खेळो.

कलम ६. अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, साधा करावा. माणिकरावांना निरोप द्यावा. ते येतील. त्यांना कोणी टोचून बोलू नये.

वरील मजकूर काल, प्रजासत्ताकदिनी, दुपारपर्यंत लिहून झाला. आज सकाळी सही करण्यासाठी साक्षीदारांना बोलावले, तेव्हा नेमसिंग उशिरा आले. स्टँडवर बाळापूरच्या पहिल्या गाडीची वाट पाहत थांबलो होतो, म्हणाले. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मी विचारण्याआधीच त्यांनी सांगितले. मुंजाजी बैलगाडीने गेला होता. संघाने त्याला घेतले नव्हते. शेवटी गडी कमी पडले, तेव्हा त्याने स्वतः कामट्या सोडल्या आणि आत उतरला. माणिकरावांनी त्याचा दंड धरला होता, तो त्याने हिसडून सोडवला. तिसऱ्या चढाईत तिघांनी पकडले. "पाय खाली अडकला, सर," नेमसिंग म्हणाले, "पर त्यानं हात लांबवून मधली रेघ शिवली. गुन घेतला. मंग उठता आलं न्हाई." माणिकरावांनी आपल्या जीपमध्ये घालून रातोरात नांदेडला नेले. दवाखान्यातून निरोप आहे की जीव शाबूत आहे, गुडघा नाही.

तिघांना बाद करून घेतलेले ते गुण यंदा कोणाच्या नावावर धरायचे, असे नेमसिंगांनी विचारले नाही. मला मात्र ते मनात आले. ते मनात आले हे मी इथे लिहून ठेवतो, कारण जो माणूस ही व्यवस्था लावून जात आहे तो कसा होता हे पुढच्यांना कळले पाहिजे.

काल अट काढली नसती तरी हे टळले नसते, कारण तिची त्याला खबरच नव्हती. हा हिशेब मी दोनदा करून पाहिला. त्याने काही हलके झाले नाही.

म्हणून साक्षीदारांसमोर कलम ५ मध्ये पुढील भर घालतो, आणि ती मूळ कलमाइतकीच बंधनकारक समजावी. सदर खोलीपुढे तीन दगडी पायऱ्या आहेत. त्या उपटून तिथे दारापर्यंत फरशीचा उतार करावा, आणि भिंतीत उजव्या हाताला, धरून चढता येईल अशी लोखंडी नळी बसवावी. हे काम मी औरंगाबादहून परत येण्याची वाट न पाहता सुरू करावे. लागणारा खर्च माझ्यामागे होणाऱ्या पुण्यानुमोदनाच्या जेवणाचा बेत रद्द करून त्यातून भागवावा. लोकांनी त्या दिवशी पाणी पिऊन जावे.

वाचून, समजून, खाडाखोड जागच्या जागी मान्य करून सही केली.

रामजी मसाजी खिल्लारे

आम्हां दोघांसमोर वर लिहिणाराने सही केली, आणि त्याच्यासमोर आम्ही केली:

१. नेमसिंग धर्मसिंग राठोड, वाहतूक नियंत्रक, हिंगोली
२. ज्ञानबा केरबा पुंडगे, शाळेतील शिपाई, हिंगोली

मुक्काम हिंगोली, शुक्रवार, तारीख २७ जानेवारी १९७८