वडीतल्या रिकाम्या जागा

११ जाने.
सई आली! माझी नात, बाळूची लेक. पुण्याला पीएचडी करती. ऊस तुटून रान मोकळं झालंय, म्हणून यष्टीतनं उतरली तवाच दिसली मला. वाळलीय.
बाटलीत दोन काळ्या वड्या आणल्यात, शर्टाच्या गुंडीएवढ्या. धातूंची पूड खलात घोटायची, दाबायची, भट्टीत भाजायची. परत घोटायची, परत भाजायची. मेतकुटाला बी कुणी एवढं करत न्हाई.

१२ जाने.
चुलीपाशी बसून सईनं समजावलं. धातू मापून घालता येतात, प्राणवायू मातर भट्टीत आपला आपण येऊन बसतो. वडीत त्याच्या जागा असतात, काही रिकाम्या ऱ्हातात. त्यावर वडीतनं वीज कशी जाईल ते ठरतं.
"म्हंजी पंगत हाय. पानं मांडली, पाव्हणं किती आलं बघायचं."
"व्हय आज्जे, पण पाव्हणं दिसत न्हाईत!"
उद्या दौंडवरनं गाडी, लांबच्या प्रयोगशाळेत प्राणवायू मोजायला. दोन्ही वड्यांचा आकडा जुळला तर सरांना पटंल. न्हाईतर काम पहिल्यापासनं. दोन वर्सं गेलीत पोरीची.
दुपारी डोळा लागला तर मी वडीच्या आत. काळी घरं, दारं सताड. वारा एकेका घरात शिरून बसतोय. एका ओट्यावर हे बसलेले, पान लावत. गेल्यापासनं पहिल्यांदाच दिसले. बोलणार, तेवढ्यात म्हैस…

१३ जाने. भोगी
काय करून बसले.
सई आंघोळीला. घरातनं काही चांगल्या कामाला निघालं की कुंकू लावायचं, ट्रॅक्टर असो न्हाईतर पाटी. थोरली वडी तळहातावर घेतली, हळद लावली, कुंकू लावलं. काय गोड दिसली! धाकटीला बोट लावणार तर, "आज्जेऽ! थांब!" केसातनं पाणी गळतंय तिच्या. वडी हातातनं काढून घेऊन उजेडात धरली.
बाळू म्हणाला, "पुसून देऊ का?"
"पप्पा, हळद आत मुरली. आकडा खोटा येईल."
आता धाकटीचेच दोन तुकडे करून मोजणार. पुरतील न पुरतील.
दौंडला सोडायला गेले. गाडी सुटताना थोरली माझ्या हातात दिली. "ठेव तुझ्या देवाजवळ." रागानं का मायेनं, कळलं न्हाई.

१४ जाने. संक्रांत
बायका वाणाला आल्या. शेजारची शांता देव्हाऱ्यात बघून म्हणती, "ही कोणची देवी, मावशी?"
"सईची."
सगळ्यांनी कुंकू वाहिलं. आता वडी लालच.
हसू बी आलं, रडू बी.

१६ जाने.
सईचा फोन! पहिल्या तुकड्याचा आकडा चांगला आलाय. दुसरा आता चाललाय. तुकडा आम्लात विरघळवला, पाणी निळं केलं, आता औषध थेंब थेंब सोडायचं. निळं जिथं जातं तिथं थांबायचं, किती औषध लागलं त्यावरनं आकडा काढायचा. एक थेंब जास्त झाला की गेलं.
"राग गेला का गं?"
"गप, आज्जे. हात हलंल. फोन चालू ठेव, पण बोलू नको."
फोन कानाला धरून एका हातानं लिहितीय. थेंबाचा आवाज येत न्हाई. तिचा श्वास येतोय. समोर थोरली बसलीय, तिच्या आत किती पाव्हणं जेवतायत कोण जाणं.
अजून निळंच असंल.