उगाच खोललेलं इंजिन

नाना, गाडी परवा पुन्हा पास झाली. आणखी पाच वर्षांचा कागद मिळाला. धूर तपासणाऱ्याने यंत्राचा आकडा दोनदा वाचला, बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाला, "मॅडम, अशा गाड्या आता फक्त लग्नात नवरदेवाला बसवायला आणतात. तुम्ही रोज चालवता?" मी म्हटलं, रोज नाही, पण आठवड्यातून दोनदा तरी जळगावला जाते. त्याने कागदावर शिक्का मारला. ही बातमी तुम्हाला द्यावी, एवढ्याचसाठी लिहायला बसले होते. पण पासिंगच्या आधी गाडी आपल्या मिस्त्रींच्या मुलाकडे दाखवायला नेली होती. आता गॅरेज तोच चालवतो, त्याचेही केस पिकलेत. त्याने इंजिनाचा आवाज ऐकता ऐकता विचारलं, "ताई, हे आजवर किती वेळा खोललं?" मी म्हटलं, एकदा. "कशासाठी?" मी म्हटलं, उगाच. तो हसला. त्याला ती गंमत वाटली. तुम्ही जाऊन एकोणीस वर्षं झाली, आणि इंजिन उगाच खोललं गेलं हे मी पहिल्यांदाच मोठ्याने बोलले. ते कुणामुळे खोललं गेलं, ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. आता सांगते.

तुमचा दिवस त्या गाडीपासून सुरू व्हायचा. थंडीत साडेसहाला तुम्ही मफलर गुंडाळून बसता, इंजिन तापवायच्या हीटरची खुंटी ओढता आणि वीस आकडे मोजता. घाई करून आधीच सेल्फ मारणाऱ्याला तुम्ही ड्रायव्हर मानतच नाही. मग इंजिन खोकतं, थरथरतं, घराच्या खिडक्या वाजतात, आणि तुम्ही तसेच बसून राहता, ते गरम होईपर्यंत. परत आल्यावरही लगेच बंद करायचं नाही. "जू उतरवल्या उतरवल्या बैलाला पाणी दाखवतात का?" असं म्हणून तुम्ही आणखी मिनिटभर त्याला दारात गुरगुरू द्यायचात. विहिरींवरच्या मोटारींचे सुटे भाग मागच्या सीटवर रचून धुळ्याहून अमळनेर, चोपडा, थेट रावेरपर्यंत जायचात, आठवड्याला पाचशे किलोमीटर. मीटरला पाचच आकडे होते. नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णवनंतर सगळी शून्यं. तिसऱ्यांदा शून्यं आली तेव्हा आपण तिघं पारोळ्याच्या अलीकडे होतो. तुम्ही गाडी बैलगाडीच्या वेगावर आणलीत आणि आम्हाला वाकून बघायला लावलंत. आकडे एकदम फिरले तेव्हा तुम्ही आईला म्हणालात, "तीन लाख. आणि अजून टोपणसुद्धा उघडलेलं नाही." रावेरच्या केळीवाल्यांना, पंपावरच्या माणसाला, माझ्या कॉलेजच्या प्राचार्यांनासुद्धा तुम्ही हे सांगितलं होतं. इंजिन न खोलता तीन लाख. इतर बाप मुलांच्या मार्कांबद्दल बोलायचे तसं.

दर वेळी त्याच पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरायची आणि मनातल्या मनात भागाकार करायचा, ही तुमची दुसरी सवय. घरात शिरताना चपला काढता काढता तुम्ही अॅव्हरेज सांगायचात. "चौदा." बस, तेवढंच. चौदा म्हणजे सगळं ठीक आहे.

मला तुम्ही विसाव्या वर्षी गाडी शिकवलीत आणि बाजारापर्यंत न्यायची परवानगी दिलीत. आईने जेवताना विचारलं होतं, मलाही शिकवा ना. तुम्ही हसलात. "तू स्टेअरिंगवर बसलीस तर गाडीचं आयुष्य दहा वर्षांनी कमी होईल." आईने तुमच्या ताटात भाकरी वाढली आणि म्हणाली, "आणि माझं किती कमी झालं ते कुठल्या मीटरवर बघू?" तुम्ही आणखी हसलात. तुम्हाला तिचं बोलणं आवडायचं, पण ते खरं असेल असं तुमच्या मनात यायचं नाही.

त्याच वर्षी दिवाळीनंतर तुम्ही दर सोमवारी एस.टी.ने सुरतेला माल आणायला जाऊ लागलात. पहिल्याच सोमवारी तुमची बस सुटली असेल नसेल, आई हात पुसत बाहेर आली आणि तिच्या माहेरच्या बोलीत म्हणाली, "चाल. माले शिकाड. नानासले सांगू नको." मी म्हटलं, मीटर सांगेल की. तर तिनेच आठवण करून दिली की मीटर दुरुस्त करताना मिस्त्री काय बोलले होते. मालकाच्या गाडीत चोरून भाडी मारणारे ड्रायव्हर डॅशबोर्डखाली हात घालून मीटरची केबल काढून ठेवतात. "मालक झोपला की मीटरपण झोपतं," असं ते म्हणाले होते. मी खाली वाकून चाकी फिरवली, केबल निघाली. काटा शून्यावर पडून राहिला आणि आम्ही हायवेने सोनगीरला गेलो.

किल्ल्याच्या पायथ्याशी कच्चा रस्ता होता. तिथे आई शिकली. पहिल्या दिवशी तिने गाडी सात वेळा बंद पाडली आणि प्रत्येक वेळी गाडीची माफी मागितली. दुसऱ्या सोमवारी समोर म्हैस आली तेव्हा ब्रेक लावायचा सोडून तिने काच खाली केली आणि "हट, हट" करत राहिली. म्हैस हलली नाही, गाडीच बंद पडली, आणि आम्ही दोघी पोट धरून हसत बसलो. मी ओरडायचे, "क्लच पूर्ण दाब!" ती म्हणायची, "तू बापासारखी ओरडू नको, एक घरात पुरे आहे." पाचव्या सोमवारी ती मला शेजारी बसवून गावाच्या वेशीपर्यंत गेली आणि परत आली, एकही गिअर न खरवडता. उतरली नाही. दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून मिनिटभर इंजिन चालू ठेवून बसली, अगदी तुमच्यासारखी. म्हणाली, "इतली वरीस शेजारले बठनू. रस्ता आज देखा." इतकी वर्षं शेजारी बसले, रस्ता आज दिसला. आईचा असा चेहरा मी त्याआधी पाहिला नव्हता.

आम्ही मीटर थांबवलं, पण डिझेल कसं थांबवणार? सोमवारचे साठ किलोमीटर, त्यातले कच्च्या रस्त्यावरचे सगळे पहिल्या-दुसऱ्या गिअरवर. तुम्ही चपला काढताना म्हणालात, "तेरा." पुढच्या आठवड्यात, "बारा." मग तुम्ही आकडा सांगणंच बंद केलंत. हवेचा फिल्टर बदललात. जळगावला जाऊन नोझल तपासून आणलेत. रविवारी सकाळी बॉनेट उघडून, डोळे मिटून, इंजिनाजवळ कान नेऊन उभे राहायचात. चहा गार व्हायचा. मी आणि आई स्वयंपाकघरातून एकमेकींकडे बघायचो. एक दिवस तुम्ही पाटावर बसलात आणि म्हणालात, "थकली ती. मी तिला फार पळवलं." तुमचा आवाज ऐकून आईने भाजीतला डाव खाली ठेवला. तरी आम्ही बोललो नाही. पुढचा सोमवारही सोडला नाही.

मग तुम्ही इंजिन खोलायचं ठरवलंत. मिस्त्री तुम्हाला परोपरीने सांगत होते, "नाना, आवाज बघा, धूर बघा. पोटात दुखत नाही त्याचं पोट का चिरता?" तुम्ही ऐकलं नाही. दुपारी मी आणि आई डबा घेऊन गॅरेजमध्ये आलो तेव्हा गोणपाटावर सगळं मांडून ठेवलं होतं, पिस्टन ओळीने, धुऊन पुसून. तुम्ही पायरीवर बसला होतात. मिस्त्रींनी टॉर्च मारून सिलिंडरची आतली भिंत दाखवली. "हे बघा, कंपनीत मारलेल्या बारीक रेघासुद्धा मिटल्या नाहीत. अजून तीन लाख कुठं जात नव्हतं हे. कुणी सांगितलं खोलायला?" तुम्ही एक पिस्टन हातात घेतलात, शर्टाला पुसलात, परत ठेवलात. एकाच वेळी तुमच्या चेहऱ्यावर अभिमान होता आणि काहीतरी मोडल्याचं दुःखही. आता "कधी खोललं नाही" असं म्हणता येणार नव्हतं.

खोललंच आहे तर म्हणून पिस्टनला नव्या रिंगा टाकल्या, नवं गॅस्केट टाकलं. आम्ही इतक्या घाबरलो होतो की सोनगीर बंद झालं. साहजिकच तुम्ही पुढच्या आठवड्यात दारातूनच ओरडलात, "चौदा!" आणि तुमची खात्री पटली की रिंगाच गेल्या होत्या, मिस्त्रींचीच नजर चुकली. पुढे कितीतरी वर्षं तुम्ही भेटेल त्याला सांगत होतात, तीन लाखांला एकदा इंजिन खोलाच. रावेरच्या एका केळीवाल्याने तुमच्या शब्दावर चांगली चालणारी जीप खोलली. मिस्त्री मला बाजारात भेटले की हात जोडायचे, "तुझ्या बापाच्या कृपेने माझं घर बांधून होईल." नाना, मला हसू यायचं, आणि लाजही वाटायची. इंजिन आज इतकं चालतंय ते तुमच्या वीस आकड्यांमुळे. रिंगांचा त्यात काही संबंध नाही.

आई आता पंच्याहत्तरीला आली. काल लसूण सोलत बसली होती तेव्हा मी विचारलं, सोनगीरचं नानांना लिहू का? तिने मान वर केली नाही. "लिख. पन मनं नाव घालू नको." लिही, पण माझं नाव नको. अजून भिते तुम्हाला, किंवा अजून तुमच्यासमोर आपलं हसं होऊ नये असं तिला वाटतं. तिला वगळून हे सांगता येत नाही, म्हणून हा कागद कुणाला न दाखवता माझ्याकडेच राहील.

राहणारच आहे तर एवढंही लिहून ठेवते. आईला सांभाळायचं म्हणून मी गप्प राहिले, असं मी स्वतःला सांगत आले. तसं नव्हतं. त्या दुपारी गॅरेजमध्ये तुम्ही हात धुवायला नळावर गेलात तेव्हा आई उठली होती. "मी सांगी देस त्यासले," सांगून टाकते मी, असं म्हणत ती दोन पावलं पुढेही गेली होती. तुम्ही रागावला असतात, दोन दिवस बोलला नसतात, आणि तिसऱ्या दिवशी तिच्या शेजारी बसून तुम्हीच तिला शिकवलं असतंत. हे मला आज दिसतं. तेव्हा मला एवढंच दिसलं की बाजारापर्यंतची माझी किल्ली जाईल. मी तिचा पदर धरून तिला खाली बसवलं आणि म्हटलं, "आत्ता नको." ती बसली. परत कधी स्टेअरिंगवर बसली नाही, आणि आत्ता नाही तर कधी, हेही तिने मला विचारलं नाही.