वांझ म्हणून विकलेलं झाड

ती. आईस,

इथूनच पाया पडते. समोर असतीस आणि वाकले असते, तर परत उठता आलं नसतं, इतकी दमले आहे. बाबांचा गुडघा कसा आहे? धाकटी वेळेवर जेवते ना?

बागखात्याने सध्या मला रुळांच्या कडेने एकाच प्रकारच्या झाडांवर तोडणीची तांबडी खूण करत फिरवलंय. परदेशातून आणलेली शोभेची नासपती. फुलं पांढरीशुभ्र, वास नासक्या मासळीचा, त्यामुळे ओळखायला चुकत नाही. नुसती फुलेल, फळ धरणार नाही, अशी हमी देऊन ती रस्तोरस्ती लावली होती. आता पडीक जागेत तिचंच रान माजलंय. काल फांदीवर गेल्या वर्षीची सुकलेली फळं दिसली, बोराएवढी.

मुकादमांना विचारलं, वांझ झाडाला फळं कशी?

"बाई, वांझ नव्हतंच ते. शेजारी सगळी त्याच कलमाची, म्हणून धरत नव्हतं. दुसऱ्या जातीचं आलं आणि धरलं. आधी बघितलं कुणी?"

मी रंगाच्या बादलीवर बसूनच राहिले.

आई, तू दर पत्रात गोड बातमी विचारतेस. सहा वर्षं औषधाच्या पुड्या मी घेतल्या, तपासण्याही माझ्याच झाल्या. काल ह्यांना म्हटलं, एकदा तुम्हीही तपासून घ्या. आज डबा न घेताच कामावर गेले.

तुझी पुडी सोबत परत पाठवते आहे, रागावू नकोस. सासूबाई भेटल्याच तर सांग, मुलगी धडधाकट आहे. तेवढं तपासून झालंय.

तुझी,
थोरली